निळा जरा जास्त

९ जानेवारी

नवा प्रिंटर आला एकदाचा. दुकानात घेताना दाराची एक झडप उतरवावी लागली, आणि आत आल्यावर मला माझ्याच खुर्चीपर्यंत अंग चोरून जावं लागतंय. असो. कागदपत्रं तर आपण छापतच होतो, आता चित्रं आणि फोटोही मोठे छापायचे.

सूनबाई आजपासून दुकानात येऊ लागली. खोकी छापणाऱ्या मोठ्या कारखान्यात ती रंग तपासायच्या कामावर होती. कारखाना लांब हलला, तिने नोकरी सोडली. चिरंजीव त्यांच्या कामाच्या गावाहून फोनवर म्हणाले, "बाबा, तिला सोबत घ्या, तुम्हाला मदत होईल." मदत मागितली होती कोणी? पण मुलगी गुणी आहे, नाही म्हणवेना.

पहिल्याच दिवशी जुंपली. छापायला दिलं की हा नवा प्रिंटर आधी विचारतो: रंग कोणी सांभाळायचे, प्रिंटरने की सॉफ्टवेअरने? मी म्हटलं, "दोघांनी मिळून सांभाळा. एकापेक्षा दोघं बरे."

ती म्हणाली, "बाबा, एकाच भाजीत दोघांनी मीठ घातल्यासारखं होईल ते."

बोलणं बिनतोड होतं. पण खरं सांगायचं तर रंग सांभाळायला मला ना प्रिंटर लागतो, ना सॉफ्टवेअर. डोळा आहे की माझा. या डोळ्यावरच तर दुकान उभं राहिलं.

१२ जानेवारी

सूनबाईने साबणाच्या वडीएवढं एक यंत्र आणलं आणि स्क्रीनवर लटकवलं. स्क्रीन आपली एकामागून एक रंग दाखवतेय आणि ते यंत्र मुकाट बघतंय. सगळं झाल्यावर म्हणाली, "आता स्क्रीन खरं बोलेल."

मी बघितलं तर स्क्रीनवर कोणी कोरा चहा सांडल्यासारखं.

"हे पिवळट झालंय."

"तुम्हाला पिवळट वाटतंय?"

"वाटत नाही. आहे."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. ती जेवायला गेल्यावर मी हळूच निळा वाढवून घेतला. यंत्राला काय कळतं?

१७ जानेवारी

आज मात्र मुलीला मानलं. एका संस्थेचा अहवाल छापत होतो. अक्षरांना लव आल्यासारखं दिसत होतं, कडेला रंगीत झाक. मी कागद बदलला, शाईची नळी साफ केली, प्रिंटरला चार शब्द सुनावले. तिने सेटिंग उघडून दाखवलं: प्रिंटर काळा रंग सगळ्या शाया मिसळून बनवत होता, म्हणून कडा फुटत होत्या. "कागदपत्रांना काळा एकटा पुरे, बाबा. सगळे लागतात ते चित्रांना."

मग तिने सेटिंग वेगवेगळी करून नावं देऊन ठेवली. एक 'कागदपत्रं', एक 'चित्रं'. मी हाताने निळा वाढवून छापतो ते तिला कळलं असावं, कारण तिसऱ्याचं नाव तिने 'बाबा' ठेवलंय. मला हसू आलं. बरंही वाटलं.

२१ जानेवारी

आज ताई आली. दोन गल्ल्या सोडून राहते, तिसऱ्या मजल्यावर. ते सगळे जिने उतरून, काखेत चित्रांचं मोठं बाड घेऊन आली. मी ओरडलोच तिला. जन्मभर दवाखान्यात नर्स होती. पाळ्या केल्या, माणसं उठवली-बसवली, आणि निवृत्त झाल्यावर हातात कुंचला घेतला तो फक्त फुलं काढायला. गुलाब, शेवंती, कमळ. दुसरं काही नाही.

म्हणाली, "माझ्यामागे हे सुटे कागद कोण सांभाळत बसणार? पुस्तक केलंस तर निदान कोणाच्या तरी कपाटात राहील."

"असलं अभद्र बोलायला जिने उतरून आलीस?"

"छापतोस की नाही ते सांग."

छापतो म्हटलं. दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही. लहानपणी मला शाळेत सोडायला तीच यायची, माझं नाक पुसायची, आणि कोणी मारलं तर उलट मारून यायची. तिने माझ्याकडे कधी काही मागितल्याचं आठवत नाही.

२९ जानेवारी

पहिली काही पानं 'बाबा' सेटिंगवर छापून ताईकडे घेऊन गेलो. सूनबाईही आली. ताईने चष्मा लावला, खिडकीशी जाऊन मूळ चित्र एका हातात आणि छापील दुसऱ्या हातात धरलं. एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली.

"अगदी तस्संच आहे रे," म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

मी सूनबाईला म्हटलं, "बघितलंस?" ती "हो" म्हणाली. एवढंच. जरा मन मोठं करायला काय जात होतं? तिच्या यंत्राशिवाय जमलं याचं वाईट वाटलं असेल.

जिना उतरताना तिने माझा दंड धरला. म्हटलं, मी काही म्हातारा झालो नाही. तरी सोडला नाही.

४ फेब्रुवारी

दुकानातल्या दिव्यांत दम राहिला नाही. दोन्ही बदलून घेतले, तरी तेच. हल्ली वस्तू टिकतच नाहीत. वर्तमानपत्रवालेही शाई वाचवायला लागलेत, अक्षरं अगदी फिकी. स्कूटर संध्याकाळची काढायची बंद केली. समोरच्या गाड्यांचे दिवे असे फुटतात की रस्ता दिसत नाही. लोकांना काही धरबंद राहिला नाही.

बाकी छान चाललंय. तो कुरकुऱ्या फोटोग्राफर, मागच्या महिन्यात दोनदा काम परत घेऊन आला होता, तो आता हसत येतो आणि हसत जातो. कोणाचीच तक्रार नाही. सूनबाईलाही कामाची गोडी लागलेली दिसते. माझ्या आधी जाऊन दुकान उघडते, कधी कधी तर चहाही न घेता. घरी आमच्या हिला म्हटलं, "पोरीला वळण लावलं मी." हिने तव्यावरची पोळी उलटली.

९ फेब्रुवारी

लिहू की नको असं झालंय.

आज लवकर जाग आली म्हणून लवकर निघालो. दुकानाचं शटर अर्धं वर, आत प्रिंटर चालू. काल मी एका कुटुंबाचा फोटो छापून, पाकिटात घालून, वर नाव लिहून ठेवलं होतं. ते पाकीट उघडलेलं. माझा फोटो बाजूला पालथा, आणि तोच फोटो प्रिंटरमधून पुन्हा बाहेर येतोय.

"काय चाललंय?"

सूनबाई दचकली. "बाबा, ते... एक डाग होता."

"दाखव."

डाग नव्हताच. तिने मान खाली घातली. "माणसं निळी येत होती, बाबा."

"कोणती?"

"सगळीच. बरेच दिवस."

म्हणजे तो फोटोग्राफर हसत होता तो तिच्या कामावर. मी इथे पाकिटांवर नावं लिहितोय, आणि पाकिटात काम तिचं. माझ्या तोंडाचा ताबा सुटला. म्हटलं, "दुकान हवं असेल तर सरळ माग. असं पाठीमागून कशाला?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. तिने प्रिंटर बंद केला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी

ती दुकानात आली नाही. घरी नेहमीसारखं ताट वाढलं, आमटी हवी का विचारलं, पण नजर वर केली नाही.

ती आत गेल्यावर ही म्हणाली, "रोज उपाशीपोटी पळत होती पोर. कोणासाठी?"

"म्हणजे तुलाही माहीत होतं?"

"मला तुमच्या रंगांतलं काय कळतंय? पोरीचं तोंड मात्र कळतं."

११ फेब्रुवारी

सोक्षमोक्ष लावायचा म्हणून ताईच्या एकाच जुन्या चित्राचे दोन कागद घेऊन तिच्याकडे गेलो. एक माझा, एक सूनबाईने छापलेला. कोणाचा कोणता ते सांगितलं नाही. ताईने दोन्ही नीट बघितले आणि माझ्या कागदावर बोट ठेवलं. "हा बरोबर आहे. दुसरा किती पिवळट!"

चित्र जिने काढलं तिचाच कौल! विजयी मुद्रेने जिना उतरलो. शेवटची पायरी दिसलीच नाही, भिंतीला धरलं म्हणून वाचलो.

घरी येऊन सूनबाईला सांगणार होतो. ती खिडकीत बसून हिच्या साडीला फॉल लावत होती. सांगावंसं वाटलं नाही.

१३ फेब्रुवारी

आज ती आपणहून दुकानात आली. एक कागद छापला आणि माझ्यासमोर ठेवला. "बाबा, यावर किती पट्टे आहेत?"

"तीन."

"नीट बघा."

"तीनच आहेत. पुढे कागद कोरा आहे."

तिने शेजारच्या घड्याळजीला हाक मारली. त्याने दारातूनच मान आत घातली आणि म्हणाला, "सहा की. पिवळे आहेत. का हो, पैज लागलीय का?"

मी कागद उन्हात नेला. तीनच. परत आलो. सूनबाईने माझं बोट धरलं, लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवतात तसं, आणि कोऱ्या कागदावरून हळू सरकवलं. "आता चौथ्यावर आहात. आता पाचवा. हा सहावा." बोटाखाली मला नुसता कागद.

मी बोट उचलून घेतलं. मग म्हटलं, "म्हणजे डोळा गेला माझा?"

"गेला नाही. दाखवून घेऊ." मग थांबून म्हणाली, "दुकान नकोय मला, बाबा. तुम्ही इथे नसलात तर मी भांडू कोणाशी?"

१५ फेब्रुवारी

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टरीण तरुण आहे. म्हणाली, पिवळ्या काचेतून जग बघताय तुम्ही. हळूहळू आलं म्हणून कळलं नाही. निळा डोळ्यात शिरायलाच जागा नाही, म्हणून तुम्ही तो वाढवत बसता.

"काम काय करता?"

"रंगीत छपाई."

"आणि इतके दिवस आला नाहीत?"

सूनबाई म्हणाली, "कामाचा फार रेटा होता हो." पुन्हा सांभाळलं पोरीने.

२६ फेब्रुवारी

काल उजवा डोळा झाला. आज पट्टी काढली.

डॉक्टरणीचा कोट. पांढरा! असा पांढरा की मी बघतच राहिलो. डावा डोळा झाकला, कोट पांढरा. उजवा झाकला, तोच कोट जुन्या वर्तमानपत्रासारखा. घरी येईपर्यंत गाडीत मी आळीपाळीने एकेक डोळा मिटत होतो. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच वर केली. ही म्हणाली, "पुरे आता, या वयात मार खायचाय का?"

घरात शिरलो आणि ओरडलो, "हे पडदे जांभळे आहेत!"

"तुम्हाला दाखवूनच आणले होते. तुम्ही म्हणालात, करडा रंग छान आहे."

जेवताना सूनबाईकडे बघितलं. कानाजवळ दोन-तीन केस पिकलेत तिचे. डोळ्यांखाली काळं. हे कधी झालं?

१ मार्च

दुकानात गेलो. खालच्या कप्प्यात माझी सगळी कामं रचून ठेवलेली, तिने जी बदलून दिली ती. एकेक काढून बघितली. सगळी माणसं थंड पाण्यातून नुकतीच बाहेर काढल्यासारखी. एक नवरी तर अशी निळी की तिच्यासाठी डॉक्टर बोलवावा. मी हसायला लागलो, आणि मग हसवेना.

"फेकली का नाहीस?"

"फेकवेना."

"चुकलं माझं," म्हटलं. "नुसतं छपाईचं नाही. बोललो तेही."

"चहा सांगू?" म्हणाली. झालं, एवढ्यावर मिटलं.

ते 'बाबा' सेटिंग पुसून टाक म्हणालो. म्हणे, असू दे, कोणी बर्फाचे फोटो आणले तर लागेल.

४ मार्च

ताईचं पुस्तक नव्याने छापायला घ्यायचं म्हणून मूळ चित्रं टेबलावर मांडली, जुनी आधी, नवी नंतर. डावा डोळा झाकून बघत गेलो. पहिली शेवंती पांढरीशुभ्र, सावलीला नुसता राखाडी हात. पुढची जराशी निळसर. त्याच्या पुढची आणखी. आणि या वर्षीचा पांढरा गुलाब! शाईची दौत उलटल्यासारखा. पानंसुद्धा निळी.

खुर्चीत बसलो. सूनबाई शेजारी उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"ताईआत्या बाड घेऊन आल्या त्याच दिवशी कळलं."

"मग?"

"दोघांना एकदम कसं सांगू? म्हटलं, आधी तुमचं होऊ दे."

आता उमगलं ताईने माझ्या कागदावर बोट का ठेवलं ते. कौल कसला! आम्ही दोघं भावंडं एकाच पिवळ्या काचेमागे उभे राहून एकमेकांना शाबासकी देत होतो.

सूनबाई म्हणाली, "शेवटच्या चित्रांतला निळा कमी करता येईल. कोणाला कळणार नाही. सांगा, करू?"

मी हो म्हणणार होतो. मग मनात आलं, उद्या ताईचे डोळे झाले आणि तिने पुस्तक उघडलं, तर तिच्या सहीखाली दुसऱ्याचीच फुलं. म्हटलं, "नको. आधी तिला सांगायला हवं."

६ मार्च

सांगितलं. किती तऱ्हांनी ठरवून गेलो होतो, पण शेवटी आडवळणाने काही जमलं नाही.

ताई हातातला कुंचला धुता धुता थांबली. "म्हणजे मी इतकी वर्षं निळी फुलं काढतेय?"

"इतकी नाही. अलीकडची."

"लोकांनी भिंतीवर लावलीत रे माझी चित्रं. कोणी बोललं नाही." मग बाडाची नाडी करकचून बांधली आणि म्हणाली, "पुस्तक नको मला."

मग तिला सिग्नलच्या बाईंची गोष्ट सांगितली. आधी तिने तोंड फिरवलं, मग खांदे हलायला लागले. हसता हसता रडली. म्हणाली, "भीती वाटते रे. इतक्या लोकांना ऑपरेशनला नेलं मी, हात धरून. सगळ्यांना सांगायची, काही होत नाही. माझा कोण धरणार?"

"मी आहे ना."

"तू? तू इंजेक्शन बघून दोनदा चक्कर येऊन पडलायस."

"मग मी पडेन. सूनबाई धरेल."

२४ मार्च

ताईचे दोन्ही डोळे झाले, आधी एक आणि दहा दिवसांनी दुसरा. दोन्ही वेळा दारापर्यंत हात धरून गेलो. पडलो नाही. माझा डावाही मधल्या काळात उरकला. घरात सगळीकडे डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या. ही म्हणते, आता घराला दवाखान्याची पाटी लावा.

ताई चित्रांचं नावही काढत नाही. बाड आमच्या दुकानातच आहे.

३१ मार्च

ताई आज न सांगता दुकानात आली. "काढ ते बाड," म्हणाली.

सूनबाईने टेबल रिकामं केलं आणि चित्रं ओळीने मांडली. ताई एका टोकापासून निघाली, प्रत्येकापाशी थांबत. पहिल्या काही चित्रांवर म्हणाली, "नीटनेटकी आहेत." त्यात कौतुक नव्हतं, तक्रारही नव्हती. जसजशी पुढे गेली तसतशी तिची चाल मंदावली. मी सूनबाईकडे बघितलं, सूनबाईने माझ्याकडे.

निळ्या गुलाबापाशी ताई थांबली. उचलून दारातल्या उजेडात नेला. फार वेळ तशीच पाठमोरी उभी होती. मला वाटलं, फाडते आता.

"हे मी काढलंय?"

"खाली सही तुझीच आहे."

"एवढा निळा टाकायची हिंमत मला कधी झाली नसती रे," ती म्हणाली. "सगळं आयुष्य थोडं पाणी घालून पातळ करत आले मी." मग गुलाबावरची नजर न काढता म्हणाली, "हा काढणारी बाई आवडली मला."

मी म्हटलं, "मग पुस्तक?"

"करायचं. आणि हा पहिल्या पानावर."

सूनबाईने लगेच बसून गुलाब स्क्रीनवर घेतला. रंग सॉफ्टवेअरने सांभाळायचे, प्रिंटरने मध्ये पडायचं नाही, कागद कोणता ते सांगितलं. मग तिचा हात थांबला. "आत्या, एक विचारायचंय. हा निळा आमच्या शाईच्या आवाक्याबाहेर आहे थोडा. दोन रस्ते आहेत. बाकीचे रंग जसेच्या तसे ठेवले तर हा फिका पडेल. नाहीतर बाकीच्या सगळ्यांना किंचित मागे सारायचं, म्हणजे याचं तेज टिकेल. काय करू?"

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते उत्तर माझं नव्हतं, म्हणून गिळलं.

ताई खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसली. "बाकीच्यांना सरकू दे मागे," म्हणाली. "जरा जागा देऊ दे की त्याला."

सूनबाईने बटण दाबलं. कागद इंचाइंचाने बाहेर येऊ लागला. आधी पान, मग देठ, मग तो निळा. पुरता बाहेर यायच्या आतच मी हात पुढे केला, तशी ताईने माझ्या हातावर चापट मारली.

"ओला आहे रे. वाळू दे."

मग आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो, तो वाळेपर्यंत.